नैरोबीतील मुलांना स्वतःच्या भाषेची आणि नावाची लाज वाटते. आपण काय करू शकतो?

शनिवारची वाचक (नैरोबी):

नमस्कार. मी गेली 9 वर्षे नैरोबीत राहते. घराजवळच्या एका छोट्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी, 11 ते 15 वर्षे वयाच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवणे आणि त्यांच्याकडून काही लिहून घेणे, एवढे काम मी करते. मुले गिकुयू, लुओ, लुह्या, काम्बा अशा निरनिराळ्या समाजांतील आहेत. आपसांत ती शेंग बोलतात, म्हणजे स्वाहिली आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून या शहराच्या रस्त्यांवर तयार झालेली बोली. माझ्याशी मात्र ती इंग्रजीतच बोलतात.

गेल्या महिन्यात वाचन चालू असताना एका 13 वर्षांच्या मुलाला फोन आला आणि तो उठून जिन्यात गेला. दार अर्धवट उघडे असल्यामुळे पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज ऐकू येत होता. ती लुओ भाषेत भरभरून बोलत होती आणि हा दबक्या आवाजात स्वाहिलीत ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढेच म्हणत होता. परत आल्यावर मित्रांनी कोणाचा फोन म्हणून विचारले, तेव्हा त्याने ‘राँग नंबर’ असे सांगितले. ती त्याची किसुमूजवळच्या गावात राहणारी आजी होती, हे मला नंतर त्याच्या बहिणीकडून कळले.

इथे इंग्रजी बोलताना घरच्या भाषेचा हेल उतरला, ‘र’च्या जागी ‘ल’ आला, की त्याला ‘श्रब करणे’ म्हणतात आणि मुले त्यावरून एकमेकांची यथेच्छ थट्टा करतात. मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलाच्या हाती किंवा गळ्यात लाकडी ‘डिस्क’ देण्याची वसाहतकाळातील पद्धत स्वातंत्र्यानंतरही कित्येक शाळांत टिकून होती. त्या मुलाने दिवसभरात दुसरा ‘गुन्हेगार’ शोधून ती त्याच्याकडे सोपवायची आणि संध्याकाळी ती ज्याच्याकडे उरेल त्याने मार खायचा. माझ्या वाचनालयातील काही मुलांच्या आईवडिलांनी ती डिस्क स्वतः हाताळलेली आहे. कागदोपत्री सगळे वेगळे आहे: 2010 च्या राज्यघटनेतील सातव्या कलमाने देशातील भाषांच्या वैविध्याला संरक्षण दिले आहे आणि पहिल्या तीन इयत्तांत शाळेच्या परिसरातील भाषेतून शिकवावे, ही शिफारस तर 1976 सालापासूनची आहे.

मी एकदा ‘संस्कृती दिन’ करून पाहिला आणि तो साफ फसला. निम्मी मुले भाड्याने आणलेल्या लाल चौकड्यांच्या मसाई शुका गुंडाळून आली. त्यांतील एकही मूल मसाई नव्हते. फोटो छान निघाले. दुसऱ्या शनिवारी पुन्हा सगळे जैसे थे.

माझा प्रश्न असा, की वेशभूषा आणि भाषणे यांच्या पलीकडे जाऊन या मुलांना आपल्या घरातल्या गोष्टींविषयी मनापासून आपुलकी वाटावी, यासाठी माझ्यासारख्या बाहेरच्या व्यक्तीने नेमके काय करावे आणि काय करू नये? आफ्रिकेत राहिलेल्या किंवा तेथील तरुणांबरोबर काम केलेल्या सदस्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

बंदरावरचा (दार एस सलाम):

ताई, आपला ‘राँग नंबर’ वाचून काही वेळ पुढे वाचवेना. मी टांझानियात 20 वर्षांहून अधिक काळ आहे आणि इथले चित्र थोडे निराळे आहे, म्हणून लिहितो.

इथे 120 हून अधिक भाषा आहेत, तरी स्वाहिली बोलण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. मंत्री, कोळी, प्राध्यापक, भाजीवाली असे सगळेच ती बोलतात. याचे एक मोठे कारण ज्युलियस न्येरेरे. त्यांनी सभा स्वाहिलीत घेतल्या, 1967 पासून सगळ्या प्राथमिक शिक्षणाचे माध्यम स्वाहिली केले आणि स्वतः राष्ट्राध्यक्ष असताना शेक्सपिअरच्या नाटकाचे स्वाहिलीत भाषांतर केले. ‘आपल्या भाषेचा अभिमान बाळगा’ असे सांगणारे पुढारी पुष्कळ भेटतात. देशाचा कारभार आटोपून रात्री त्या भाषेत शेक्सपिअर बसवण्याची खटपट करणारा पुढारी विरळा. भाषेला अवघड काम दिले की लोक तिच्याकडे आदराने पाहू लागतात, असे माझे मत झाले आहे. अर्थात इथेही माध्यमिक शाळेत इंग्रजी सुरू होते आणि प्राथमिक शाळेत हात वर करून उत्तरे देणारी मुले एकदम गप्प होतात. शिवाय स्वाहिलीच्या या यशात चागा, सुकुमा अशा भाषा दार एस सलाममधील मुलांच्या तोंडून जवळजवळ गेल्या, हेही मान्य करायला हवे.

आता करून पाहण्याजोगी एक गोष्ट सांगतो. कोडी घाला. स्वाहिलीत कोडे घालणारा ‘कितेंदाविली!’ अशी हाक देतो आणि बाकीचे ‘तेगा!’ म्हणजे ‘लाव सापळा!’ असे ओरडतात. मग कोडे येते: ‘न्युम्बा यांगु हैना म्लांगो’, माझ्या घराला दारच नाही. उत्तर: अंडे. खरी गंमत उत्तर न आल्यावर होते. कोडे घालणारा ‘मला गाव द्या’ म्हणतो आणि हरलेल्यांना एखादे गाव त्याच्या नावे करावे लागते! तो त्या गावात जाऊन कशी चैन करून आला याचे खोटेनाटे वर्णन करतो आणि मगच उत्तर सांगतो. गिकुयूत ‘ग्वाता न्दाई’ अशी हाक असते आणि अशा पद्धती त्या भागातील इतर समाजांतही आहेत. मुलांना सांगा, की पुढच्या शनिवारी प्रत्येकाने घरच्या भाषेतील एक असे कोडे आणावे, जे इथे कोणालाही सुटणार नाही. अट एकच, इंटरनेटवरून घ्यायचे नाही. मग त्यांना आजीला फोन करावाच लागेल, आणि तोही स्वतःच्या गरजेपोटी.

जाता जाता एक गोष्ट. वाहनाला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, रंगाला ‘रांगी’ आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘कचुम्बारी’ म्हणतात, हे तिथल्या मुलांना माहीतच असते. पण हेच शब्द तुमच्या मराठी घरीही आहेत हे सांगून पाहा. आपल्या भाषेला समुद्रापलीकडे नातेवाईक आहेत हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कुठल्याही व्याख्यानाने उमटत नाही.

विरजण (पूर्वी एल्डोरेट, आता कोल्हापूर):

मी दुग्धव्यवसायातील माणूस आहे आणि कामानिमित्त केनियातील एल्डोरेट भागात काही वर्षे होतो. भाषेविषयी अधिकाराने बोलणे मला जमणार नाही, दुधाविषयी बोलतो.

तो कालेंजिन लोकांचा प्रदेश. जगभर गाजलेले लांब पल्ल्याचे धावपटू तिथून येतात आणि स्पर्धा जिंकून परतलेल्या खेळाडूला विमानतळावरच भोपळ्याच्या तुंब्यातून ‘मुर्सिक’ पाजतात. मुर्सिक म्हणजे आंबवलेले दूध. सुरुवातीला मीही त्याकडे ‘इथले ताक’ अशा नजरेने पाहत असे. एकदा गोठ्यावरच्या एका आजीबाईंनी मला सगळी कृती दाखवली. त्यांनी वाळवलेला तुंबा आतून घासून धुतला. ठरावीक झाडाची काटकी पेटवून तिचा निखारा तुंब्यात घातला आणि तुंबा असा फिरवत राहिल्या, की आतली सगळी बाजू काळ्या कोळशाच्या बारीक भुकटीने सारवली गेली. मग तापवून गार केलेले दूध त्यात ओतून तोंड घट्ट बंद केले. काही दिवसांनी तुंबा उघडला, तेव्हा निळसर करड्या रंगाचे, धुराचा वास असलेले घट्ट दूध निघाले. ते फ्रीजशिवाय कितीतरी दिवस टिकते. कोळसा, धूर, आम्लता, हवाबंद भांडे: जे आम्ही कॉलेजात दोन सत्रे शिकलो, ते सगळे त्या बाई हाताने करत होत्या.

त्यांचा नातू माझ्याच प्लांटमध्ये प्रयोगशाळा सहायक होता. त्याला हे करता येत नव्हते आणि कामावर त्याविषयी बोलायला तो लाजायचा. एक दिवस मी आजीचे दूध घेऊन येण्यास सांगितले आणि त्यालाच त्याची आम्लता मोजायला लावली. त्याने वहीत आकडे लिहिले, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजले आणि तिसऱ्या आठवड्यात कुठल्या झाडाच्या कोळशाने काय फरक पडतो हे विचारायला स्वतःहून गावी गेला. ‘तुझी संस्कृती थोर आहे’ असे मी त्याला कधीही म्हटले नाही. नमुना आण आणि मोज, एवढेच म्हणालो.

आपल्या मुलांच्या घरीही असे काही असेलच. ते पाहुणचार म्हणून न मागवता अभ्यास म्हणून मागवा.

जुना नैरोबीकर:

उत्साहावर पाणी ओतण्याची इच्छा नाही; तरीही दोन गोष्टी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अशी, की नैरोबीतील अनेक आईवडील मुलांना घरची भाषा शिकवत नाहीत, यामागे केवळ इंग्रजीचे वेड नसते. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर मी तिथे होतो. त्या दंगलींत हजाराहून अधिक माणसे मारली गेली आणि लाखो बेघर झाली. रस्त्यांवर अडथळे टाकून आडनाव आणि उच्चार यांवरून माणसाचा समाज ओळखला जात होता. आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने त्या आठवड्यात मुलांना बजावले होते, की बाहेर फक्त स्वाहिली बोलायची. ज्यांच्या मनात ती भीती बसली त्यांच्यासाठी स्वतःच्या भाषेचा अभिमान ही निरागस गोष्ट राहिलेली नाही. तिथे ‘उकाबिला’ म्हणजे जमातवाद हा शिवीसारखा शब्द आहे. म्हणून ताई, मुलांना समाजवार गटांत कधीही बसवू नका. गिकुयू मुलाने लुओ कोडे सोडवायचे आणि लुओ मुलाने काम्बा गोष्ट पुन्हा सांगायची, असे काही करा.

दुसरी गोष्ट आपल्याविषयी आहे. आपण भारतीय लोक पूर्व आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, रेल्वे बांधली, दुकाने चालवली. पण आपल्यापैकी किती घरांत कामाला येणाऱ्या पन्नाशीच्या बाईला तिच्या पूर्ण नावाने हाक मारली जाते? मी माझ्या स्वतःच्या घराविषयी लिहितो आहे: आमच्याकडे 6 वर्षे काम केलेल्या माणसाला आम्ही त्याच्या इंग्रजी नावाने हाक मारत होतो आणि त्याचे घरचे नाव मला त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेल्यावर कळले. आजही ते आठवले की मान खाली जाते. तेव्हा त्या मुलांना शिकवण्याआधी आपल्या भारतीय माणसांनाच चार शब्द सुनवायला हवेत.

आणि हे काम तिथल्याच लोकांनी अधिक चांगले केलेले आहे. 1977 मध्ये लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात लेखक न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी शेतमजूर आणि कारखान्यातील कामगार यांच्याबरोबर गिकुयूत एक नाटक बसवले. गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी खुले नाट्यगृह उभारले आणि तालमी सर्वांसमक्ष होत असल्यामुळे ‘म्हातारी माणसे असे बोलत नाहीत’ असे सांगून संवादही दुरुस्त केले. काही आठवड्यांतच सरकारने प्रयोग बंद पाडले, वर्ष संपता संपता थिओंगो यांना विनाचौकशी तुरुंगात टाकले आणि 1982 मध्ये ते नाट्यगृह जमीनदोस्त केले. इंग्रजीत लिहीत होते तोवर त्यांना हात लागला नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लिमुरू आपल्यापासून तासाभरावर आहे. त्या तालमी पाहिलेले कोणी आजोबा-आजी भेटले तर त्यांना शनिवारी बोलवा आणि आपण मागच्या बाकावर बसा.

शुक्रवारची (आक्रा):

वरील प्रतिसाद फार आवडले. मी घानात आहे, म्हणून केवळ नावांपुरते लिहिते. इथल्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव त्याला आपोआप मिळते: शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. कोफी अन्नान 8 एप्रिल 1938 रोजी जन्मले तो शुक्रवार होता. माझ्या शेजारणीने माझा जन्मवार विचारून मला ‘अफुआ’ करून टाकले आणि आता बाजारात मी त्याच नावाने ओळखली जाते. लुओ लोकांतही जन्मवेळेवरून नाव ठेवतात असे ऐकले आहे. तुमच्या वाचनालयात नावांपासूनच का सुरुवात करू नये?

वेशभूषेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. इथे केंटे कापड हातमागावर चार बोटे रुंदीच्या पट्ट्यांत विणतात आणि मग त्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवतात. प्रत्येक नक्षीला नाव आणि अर्थ असतो. शाळेच्या कार्यक्रमांत मुले घालतात ते मात्र बहुधा परदेशात छापलेले, केंटेसारखे दिसणारे सुती कापड. अर्थ विचारला तर कोणालाच सांगता येत नाही.

खडकीची लेक (छत्रपती संभाजीनगर):

मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. आफ्रिकेला कधी गेलेले नाही, मात्र आफ्रिका माझ्या गावात आलेली आहे. हे शहर 1610 मध्ये ‘खडकी’ या नावाने वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनला आला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने मुघलांना पाव शतक झुलवले, मालोजी आणि शहाजी भोसले यांच्यासारखे मराठे सरदार त्याच्याबरोबर लढले, त्याने बांधलेल्या नहरींचे पाणी या शहराने शतकानुशतके प्यायले आणि जमीन महसुलाची त्याची व्यवस्था खेड्यापाड्यांत ‘मलिकंबरी’ म्हणून ओळखली गेली.

काही वर्षांपूर्वी इथिओपियाचा एक विद्यार्थी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. बसमध्ये आणि दुकानात लोक त्याच्याकडे कसे पाहत आणि काय कुजबुजत, हे तो कधी बोलला नाही. मला दिसत होते. एका रविवारी मी त्याला खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीवर नेले. त्याच्या शाळेत हे नाव कधीच आले नव्हते. तो बराच वेळ त्या दगडी कमानीखाली उभा राहिला आणि मग त्याने मोबाइलवर आईला फोन लावून, मला न कळणाऱ्या अम्हारिकमध्ये, हातवारे करकरून सगळे सांगितले. परतीच्या वाटेवर त्याने रिक्षावाल्यालाही मोडक्या हिंदीत ऐकवले, की तुमचे शहर आमच्या माणसाने बांधले आहे! रिक्षावाल्याने ‘अंबरसाहेब? मग!’ असे म्हणून भाडे मात्र पुरेपूर घेतले.

तथापि पराक्रमी पूर्वजांच्या गोष्टींवर मी फार विसंबणार नाही. त्याच गोष्टीत गुलामांचा बाजारही आहे आणि तो वगळून सांगणे अप्रामाणिक ठरेल. मला तरुणांसाठी दुसरे एक उदाहरण अधिक मोलाचे वाटते. 1989 मध्ये गिनी देशातील न्झेरेकोरे येथे इब्राहिमा आणि अब्दुलाय बारी या 14 आणि 10 वर्षांच्या भावांच्या लक्षात आले, की फुलानी भाषेतील काही ध्वनी अरबी लिपीत नीट लिहिता येत नाहीत आणि पत्रे वाचताना घोटाळे होतात. त्यांनी खोलीचे दार लावून घेतले, वहीत आकार काढले आणि स्वतःची 28 अक्षरांची लिपी तयार केली. आधी धाकट्या बहिणीला शिकवली, मग बाजारातल्या लोकांना. त्यांनी प्रतींवरून प्रती काढल्या. आज ‘अदलाम’ या नावाने ती लिपी पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांत पसरली आहे आणि 2016 मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाल्यामुळे फोनवरही लिहिता येते. आपल्या वाचनालयातील मुलांच्याच वयाची ती मुले होती. त्यांना हे सांगा आणि विचारा, की तुमच्या भाषेतला कुठला ध्वनी इंग्रजी अक्षरांत लिहिताना अडतो. मुले त्यावर तासभर भांडतील, असा माझा 34 वर्षांच्या अध्यापनाचा अनुभव सांगतो.

शनिवारची वाचक (नैरोबी):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘जुना नैरोबीकर’ यांचे म्हणणे मला लागले, आणि ते लागायलाच हवे होते. माझ्या घरी येणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव मी परवा विचारले. त्या हसल्या आणि ‘इतक्या वर्षांनी?’ असे म्हणाल्या.

काल नावांपासून सुरुवात केली. मुलांना समाजवार न बसवता चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि प्रत्येकाने जोडीदाराच्या नावाची चौकशी करायची असे ठरवले. एका गिकुयू मुलाने सांगितले, की थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देतात, म्हणून त्याची आजी त्याला लाडाने ‘माझे यजमान’ म्हणते. सगळी मुले खो-खो हसली. आमच्याकडेही नातवाला आजोबांचे नाव ठेवीत आणि सासऱ्याचे नाव कसे घ्यायचे म्हणून सून त्या मुलाला आयुष्यभर ‘बाळ’ म्हणत असे, हे मी सांगितले. तेव्हा ती आणखीच हसली. मग लुओ नावांचा तक्ता फळ्यावर आला: ओकिन्यी सकाळचा, ओन्यांगो उन्हं वर आल्यावरचा, ओचिएंग भर दुपारचा, ओधियाम्बो संध्याकाळकडचा, ओटिएनो रात्रीचा, ओकोथ पावसातला, मुलींसाठी ‘ओ’च्या जागी ‘अ’. ‘म्हणजे हे घड्याळच आहे,’ असे एक काम्बा मुलगी म्हणाली.

जिन्यात जाऊन बोलणाऱ्या त्या मुलाचे नाव रात्री जन्मलेल्याचे आहे. त्याच्या गिकुयू जोडीदाराने त्याला विचारले, की रात्री म्हणजे नेमके किती वाजता? त्याला सांगता येईना. त्याने बहिणीकडून फोन मागून घेतला आणि तिथेच, बाकावर बसून, आजीला लावला. त्याची लुओ अडखळत होती, मध्येच स्वाहिली शब्द येत होते आणि पलीकडून आजी प्रत्येक चूक मोठ्याने सुधारत होती, ती आम्हा सर्वांना ऐकू येत होती. कोणी हसले नाही असे मी म्हणणार नाही; दोघे हसले. तो मात्र उठून गेला नाही. रात्री किती वाजता हे आजीलाही ठाऊक नव्हते. दिवा विझला होता आणि शेजारणीने कंदील आणला होता, एवढेच तिला आठवत होते, आणि तेच त्याने तक्त्यावर वेळेच्या रकान्यात लिहिले.

पुढच्या शनिवारी कोडी घेणार आहोत. ‘बंदरावरचा’ यांना एक विचारायचे आहे: हरलेल्या गटाने नैरोबीच देऊन टाकली तर चालते का? मुलांनी आत्तापासून तसा बेत केला आहे.